गुरांचा राजा आणि त्याचे घोडे

ऑस्ट्रेलिया म्हटले की आपल्याकडील विद्यार्थ्याला आधी क्रिकेट आठवते आणि भूगोलाच्या पुस्तकाची थोडी आठवण उरली असेल तर मेंढ्या व लोकर. त्या खंडाचा मधला भाग मात्र नकाशावर बहुधा पिवळ्या रंगाने रंगवून सोडून दिलेला असतो. वाळू, खडक, खुरटी झुडपे आणि वर्षानुवर्षे न होणारा पाऊस असा तो मुलूख आहे. या पिवळ्या रंगात एका माणसाने घोड्यावर बसून एवढी जमीन आपल्या अमलाखाली आणली की तिचे क्षेत्र निदान एक लाख चौरस मैल होते असे सांगतात. आपले सबंध कर्नाटक राज्य याहून लहान आहे. सर सिडनी किडमन हे त्याचे नाव. तो ना सेनापती होता, ना राजपुत्र. शाळाही त्याने धड पुरी केली नव्हती. त्याला घोडा कळत होता, गुरे कळत होती आणि पाणी कुठे असेल हे कळत होते. या तीन गोष्टींवर त्याचे सारे चरित्र उभे आहे.

दक्षिण ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहराजवळ ॲथलस्टोन येथे ९ मे १८५७ रोजी सिडनीचा जन्म झाला. वडील शेतकरी होते. पोर काही महिन्यांचे असतानाच ते वारले. आईच्या पदरी मुलांचे लेंढार होते. पुढे तिने दुसरे लग्न केले, पण त्या घरात सुख नव्हते. थोरले भाऊ एकेक करून आतल्या मुलखात पोट भरायला निघून गेले. १८७० साली, वयाच्या तेराव्या वर्षी, सिडनीनेही घर सोडले. जवळ होते पाच शिलिंग आणि साठवलेल्या पैशातून घेतलेला एक घोडा. घोडा स्वस्त मिळाला, कारण त्याला एकच डोळा होता. ग्रीक पुराणातल्या एकाक्ष राक्षसावरून त्याचे नाव सायक्लॉप्स. आपल्याकडे त्याला शुक्राचार्य म्हटले असते!

उत्तरेकडे बॅरियर नावाच्या डोंगररांगांत त्याचा भाऊ काम करीत होता. ते अंतर सुमारे ५०० किलोमीटर, म्हणजे बेळगावहून मुंबई गाठावी एवढे. तेथे पोहोचल्यावर त्याला पहिले काम मिळाले ते हॅरी रेन्स नावाच्या एका भटक्या पशुपालकाकडे. रेन्सच्या मालकीची जमीन नव्हती. गवत दिसेल तेथे गुरे न्यायची आणि कोणी हटकले की पुढे सरकायचे, असा त्याचा संसार. मातीत खणलेल्या खोपटात राहणे होते. गुरे राखायला सिडनीच्या जोडीला एक आदिवासी तरुण होता. गोरे लोक त्याला बिली म्हणत. त्याचे खरे नाव विचारण्याची तसदी त्या काळी कोणी घेतली नसावी. हाच बिली सिडनी किडमनचा खरा गुरू. वाळूतली पावले कशी वाचायची, पक्षी कोणत्या दिशेने उडाले की पाणी जवळ आहे असे समजायचे, कोणती मुळे खायची आणि कोणती टाळायची, ताऱ्यांवरून वाट कशी धरायची, हे सारे त्याच्याकडून शिकायला मिळाले. सिडनीला पुढे लक्षावधी पौंडांची मालमत्ता मिळाली, पण त्या मालमत्तेचे बीज या खोपटातील शिक्षणात होते. विद्यापीठाच्या पदवीधरांनी हे ध्यानात घ्यायला हरकत नाही.

काही दिवसांनी त्या जमिनीचा कायदेशीर पट्टेदार आला आणि रेन्सला गुरे घेऊन निघावे लागले. मुलाला ठेवून घेणे त्याला परवडेना. सिडनी माउंट गिप्स नावाच्या मोठ्या स्टेशनवर कामाला लागला.

येथे स्टेशन या शब्दाचा खुलासा केला पाहिजे, नाही तर वाचक रेल्वेगाडीची वाट पाहत बसायचा. ऑस्ट्रेलियात स्टेशन म्हणजे सरकारकडून पट्ट्याने घेतलेले शेकडो, कधी हजारो चौरस मैलांचे कुरण. मध्यभागी मालकाचे किंवा व्यवस्थापकाचे घर, एक कोठार, लोहाराची भट्टी, लाकडी ओंडक्यांचे वाडे, बस्स. शेजारचे घर साठ-सत्तर मैलांवर. कुंपण बहुतेक ठिकाणी नव्हतेच. गुरे मोकळी रानात वाढत. ती वर्षातून एकदोनदा गोळा करायची, वासरांना डाग द्यायचा, विकण्याजोगे बैल निवडायचे आणि शेकडो मैल हाकत रेल्वेपर्यंत न्यायचे, हा तेथला धंदा. हे सर्व घोड्यावरून. घोडा नसेल तर त्या मुलखात माणूस म्हणजे पाण्याबाहेरचा मासा.

त्या कामाचा दिवस कसा असे? पहाटे अंधारातच घोडे सांभाळणारा मोतद्दार उठे. रात्री घोड्यांना पुढच्या दोन पायांत आखूड पायबंद घालून चरायला सोडलेले असत. दोनचार घोड्यांच्या गळ्यात घंटा बांधलेल्या असत. कान देऊन घंटेच्या आवाजाचा माग काढायचा, पायबंद घातलेला घोडाही रात्रीत किती दूर जातो याचा मनस्ताप करायचा आणि उजाडण्यापूर्वी सारा कळप तळावर आणायचा, हे त्याचे काम. तोवर आचाऱ्याने राखेत भाजलेला जाड रोट, खारवलेले गोमांस आणि टिनाच्या डब्यात उकळलेला कोरा चहा तयार ठेवलेला असे. सकाळी, दुपारी, रात्री जेवण हेच. मग प्रत्येक स्वार आपापला घोडा पकडून तंग कशी आणि जोडीजोडीने रानात पांगे.

मराठेशाहीच्या इतिहासात आपण शिलेदार आणि बारगीर हा भेद शिकतो. स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. सरकारच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. स्टेशनवरचे स्वार या हिशेबाने बहुतेक बारगीरच. घोडे स्टेशनचे, स्वाराच्या मालकीचे असे खोगीर, लगाम आणि अंथरुणाची वळकटी. खोगीर मात्र जिवापलीकडे जपायचे. कारण ते नीट बसले नाही तर घोड्याची पाठ लागते, आणि पाठ लागलेला घोडा आठवडेच्या आठवडे कामाचा राहत नाही. ज्याच्या हातून वारंवार घोड्यांच्या पाठी लागत त्याला कोणी कामावर ठेवीत नसे. एकेका स्वाराकडे पाचसहा तरी घोडे असत आणि ते आळीपाळीने वापरले जात, कारण त्यांना दाणा नव्हता. रानात मिळेल त्या गवतावरच त्यांनी दिवसभर पळायचे.

घोड्याघोड्यांतही कामाची वाटणी असे. रानातून गुरे हुसकून आणायला कोणताही दमदार घोडा चाले. पण हजारभर गुरांच्या घोळक्यात शिरून हवा तोच बैल हळूच कडेला काढायचा तर त्याला तरबेज घोडा लागे. तो बैलाच्या डोळ्याकडे पाहून वळे. स्वाराने लगाम हलवण्याआधीच त्याला कळलेले असे. असा घोडा स्टेशनचे भूषण. वासराला दोराने ओढून डाग देण्याच्या ठिकाणी आणायला वजनदार, थंड डोक्याचा घोडा लागे. सर्वांत मानाचा मात्र रात्रीचा घोडा. गुरे घेऊन लांब मजल मारताना रात्री ती मोकळ्या माळावर बसवीत आणि दोनदोन तासांच्या पाळ्यांनी एकेक स्वार भोवती फेऱ्या घाली. फेऱ्या घालताना तो हलक्या आवाजात गाणी म्हणे. गुरांना गाण्याची हौस म्हणून नव्हे. माणूस कोठे आहे हे सतत कळत राहिले तर ती दचकत नाहीत म्हणून. तरीही एखादी काटकी मोडली, वीज चमकली की सारा कळप एकदम उठून उधळे. काळोखात, बिळांनी व झुडपांनी भरलेल्या रानात, त्या उधळलेल्या कळपाच्या पुढे जाऊन त्याला वळवायचे. अशा वेळी स्वाराला काही दिसत नसते. तो घोड्यावर भरवसा टाकून मान खाली घालतो. घोडा पडला तर दोघेही संपले. त्या मुलखात वाटेवरच्या कित्येक थडग्यांचा इतिहास एवढाच आहे.

नवे घोडे तयार करणारा चाबुकस्वार स्टेशनास्टेशनांतून फिरे. तीनचार वर्षे रानात मोकळी वाढलेली शिंगरे वाड्यात कोंडायची, दोर टाकून धरायची, हाताचा स्पर्श, लगाम, खोगीर आणि शेवटी माणूस अशा क्रमाने त्यांना सवय लावायची आणि थोड्याच दिवसांत ती स्वारांच्या हवाली करायची. खंडेनवमीला घोड्याला ओवाळणाऱ्या आपल्या लोकांना ही रीत अंमळ कठोर वाटेल. ती कठोर होतीच. पण चांगला चाबुकस्वार मारापेक्षा धीरावर काम करी. सिडनी किडमनविषयी सांगतात ते हेच की तो जनावरावर आणि माणसावर आवाज चढवीत नसे. दारू, तंबाखू आणि शिवी या तिन्ही गोष्टी त्याने आयुष्यभर वर्ज्य केल्या. आतल्या मुलखातील स्वारांत हे आश्चर्यच मानले पाहिजे.

माउंट गिप्सवर त्याने पगारवाढ मागितली आणि त्याला कामावरून काढून टाकण्यात आले. ही एक इष्टापत्तीच झाली. त्याने पुन्हा कोणाची चाकरी केली नाही. कोबार येथे तांब्याची खाण निघाली तेव्हा तेथे तो बैलगाड्यांनी पीठ, साखर, चहा नेऊ लागला. मांसाचे दुकान काढले. १८७८ मध्ये आजोबांच्या वारशाचे ४०० पौंड हाती आले. ते त्याने जमिनीत घातले नाहीत. घोडे आणि गुरे यांच्या खरेदी-विक्रीत घातले. एका ठिकाणी घोडा स्वस्त का आणि दुसरीकडे महाग का, हे त्याला फिरून फिरून माहीत झाले होते.

नशिबाने त्याला एकदा चकवलेही. १८८३ साली माउंट गिप्सच्याच हद्दीत चार्ल्स रॅस्प नावाच्या कुंपणावरील स्वाराने एका टेकडीवर खाणीचा हक्क नोंदवला. ही टेकडी म्हणजे ब्रोकन हिल; चांदी, शिसे व जस्त यांचा जगप्रसिद्ध साठा. सुरुवातीच्या दिवसांत किडमनने दहा बैल देऊन त्या खाणीचा चौदावा हिस्सा घेतला आणि थोड्याच काळात १५० पौंडांस विकून टाकला. बैलांच्या किमतीच्या मानाने नफा उत्तम होता! पुढे त्या हिश्शाची किंमत लाखांवर गेली. यावर तो हळहळत बसला नाही असे म्हणतात. खरे खोटे कोण जाणे. पण त्याची बुद्धी जमिनीखालच्या धनाकडे कधी वळली नाही हे खरे.

३० जून १८८५ रोजी कपुंडा येथे इझाबेल राइट या शिक्षिकेशी त्याचा विवाह झाला. पुढच्याच वर्षी मध्य ऑस्ट्रेलियातील ओवेन स्प्रिंग्ज हे स्टेशन त्याने घेतले. भाऊ सॅकव्हिल याच्यासह त्याने ब्रोकन हिलला मांस पुरवण्याचा धंदा वाढवला आणि टपाल व उतारू वाहणाऱ्या घोडागाड्यांचीही एक मोठी कंपनी उभी केली. या धंद्यात कॉब आणि कंपनीच्या खालोखाल त्यांचेच नाव होते. दर काही मैलांवर थकलेले घोडे सोडून ताजे जोडायचे, त्यासाठी जागोजागी तबेले, मोतद्दार, वैरण. शेकडो घोडे एका वेळी कामावर. कोणता घोडा कोणत्या टप्प्यावर किती दिवस टिकेल याचा हिशेब वहीत नसून सिडनीच्या डोक्यात असे.

आता त्याच्या मुख्य कल्पनेकडे वळू. जॉर्जिना, डायमँटिना आणि कूपर या नद्या क्वीन्सलंडच्या पावसाळी उत्तर भागात उगम पावतात आणि समुद्राकडे न जाता खंडाच्या पोटात, एअर सरोवराच्या दिशेने वाहतात. तिकडे चांगला पाऊस झाला की पाणी महिनाभराने, दोन महिन्यांनी कोरड्या वाळवंटात उतरते, शेकडो फाट्यांतून पसरते आणि जेथे एक थेंब पडलेला नाही तेथे गुडघाभर गवत उभे राहते. हे इतरांनीही पाहिले होते. किडमनने त्यातून एक व्यवस्था रचली. उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत नद्यांच्या काठाने स्टेशनांची साखळी घ्यायची. उत्तरेत दुष्काळ पडला तर गुरे दक्षिणेकडे सरकवायची, दक्षिणेत गवत संपले तर रेल्वेने बाजारात पाठवायची. ॲडलेडहून निघालेली रेल्वे १८८४ मध्ये मॅरी या ठिकाणापर्यंत पोहोचली होती. बर्ड्सव्हिल ते मॅरी ही ५०० किलोमीटरहून लांब गुरांची वाट तेथेच संपते. तारायंत्र होतेच. कोणत्या शहरात मांसाला काय भाव आहे हे तारेने विचारून तो कळपाची दिशा बदलायला लावी. दुसरी साखळी मधल्या मुलखातून, तारायंत्राच्या खांबांच्या रेषेने. बुद्धिबळाच्या पटावर मोहरी सरकवावी तशी तो गुरे सरकवी. फरक इतकाच की येथे एकेका चालीला महिने लागत आणि ती चाल घोड्यांच्या पायांनी होई.

पण निसर्गाने या पटालाही एकदा लाथ मारली. १८९५ च्या सुमारास सुरू झालेला दुष्काळ १९०२ पर्यंत हटला नाही. १८९९ मध्ये सॅकव्हिल वारला. पाणवठे आटले, हजारो गुरे चिखलात रुतून मेली. दुष्काळात माणूस गुरांचे आकडे सांगतो. घोड्यांचे हाल कोणी मोजत नाही. गवत संपले की उपाशी घोडे मिळेल ते खातात, आणि बर्ड्सव्हिलकडे जमिनीलगत पसरणारी निळीच्या कुळातील एक विषारी वनस्पती आहे. ती खाऊन घोड्याचे मागचे पाय लटके पडतात. घोडा गेला की स्वार अडकला, स्वार अडकला की कळप गेला. किडमन दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आला होता. तरी त्याने त्याच काळात कवडीमोलाने विकली जाणारी स्टेशने घेतली. १९०० च्या सुमारास व्हिक्टोरिया रिव्हर डाउन्स या अवाढव्य स्टेशनातही त्याची भागीदारी होती. याला धैर्य म्हणावे की जुगार? पाऊस पडला म्हणून आपण धैर्य म्हणतो.

याच सुमारास कपुंडा येथे त्याचे घोड्यांचे वार्षिक बाजार नावारूपाला आले. दूरदूरच्या स्टेशनांवरून शेकडो मैल हाकत आणलेले घोडे येथे लिलावात निघत. बाजार कित्येक दिवस चाले. जगातील सर्वांत मोठा घोडेबाजार अशी त्याची ख्याती होती. सर्व प्रांतांचे व्यापारी येत, आणि हिंदुस्थानातील फौजेसाठी घोडे घेणारेही येत. न्यू साउथ वेल्स या नावावरून हिंदुस्थानातील इंग्रजांनी ऑस्ट्रेलियन घोड्यांना वेलर हे नाव दिले होते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून हे वेलर जहाजे भरभरून आपल्या बंदरांत उतरत होते. आपल्याकडच्या लष्करी छावण्यांतून आणि संस्थानिकांच्या पागांतून पळालेल्या कित्येक घोड्यांचा जन्म त्या वाळवंटातला. पहिल्या महायुद्धात तर सव्वा लाखाच्या आसपास घोडे ऑस्ट्रेलियातून बाहेर गेले. युद्ध संपल्यावर उरलेल्यांपैकी बरेच हिंदुस्थानच्या फौजेकडे आले, काही जागच्या जागी मारले गेले. परत मायदेशी पोहोचला एकच, एका सेनापतीचा सँडी नावाचा घोडा.

युद्धात किडमनने विमाने, रुग्णवाहिका, घोडे व मांस अशी सरकारला मोठी मदत केली. सैन्यात गेलेल्या आपल्या नोकरांच्या जागा राखून ठेवण्याचे वचन दिले. १९२१ मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली. त्याच वर्षी त्याने कपुंडा येथील आपला वाडा माध्यमिक शाळेसाठी सरकारला देऊन टाकला. स्वतः शाळेत न रमलेल्या माणसाचे हे दान.

त्याच्यावर टीकाही कमी झाली नाही. तो जमिनीचे गवत ओरबाडतो, घरे दुरुस्त करीत नाही, कुंपणे घालीत नाही, माणसे कमीत कमी ठेवतो आणि लहान शेतकऱ्याला उभे राहू देत नाही, असे आरोप वर्तमानपत्रांतून होत. चुलीत जाळ असताना काडी ओढून चिलीम पेटवणाऱ्या नोकराला त्याने काढून टाकले, अशी एक आख्यायिकाही आहे. आख्यायिका सोडा, पण आरोपांत तथ्य होते. ज्या मुलखात सात-सात वर्षे पाऊस रुसतो तेथे जमिनीवर पैसा घालणे त्याला शहाणपणाचे वाटत नव्हते, आणि त्याची किंमत जमिनीने मोजली.

माझ्या मते त्याहून मोठा हिशेब दुसराच आहे. ही सारी स्टेशने ज्यांच्या पूर्वजांच्या भूमीवर होती ते आदिवासीच तेथील उत्तम स्वार होते. स्त्रियाही घोड्यावर बसून गुरे वळवीत. त्यांच्यावाचून एक हंगाम पार पडला नसता. त्यांना बहुतेक ठिकाणी मिळे ते पीठ, चहा, साखर, तंबाखू आणि कपडे. रोख पगार क्वचित, आणि तोही गोऱ्या स्वाराच्या मानाने नाममात्र. किडमन आदिवासींशी सौजन्याने वागे, त्यांच्या ज्ञानाची कदर करी, हे सर्व चरित्रकार सांगतात. परंतु बिलीकडून शिकलेल्या विद्येवर एकाचे साम्राज्य झाले आणि बिलीचे पुढे काय झाले याची नोंदही कोठे नाही. किडमनच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी, ऑगस्ट १९६६ मध्ये, वेव्ह हिल येथील एका दुसऱ्या कंपनीच्या स्टेशनवर व्हिन्सेंट लिंगियारी याच्या नेतृत्वाखाली गुरिंजी जमातीच्या स्वारांनी काम सोडले. समान वेतनाचा नियम डिसेंबर १९६८ पासून लागू झाला, आणि १९७५ मध्ये गुरिंजींना त्यांच्या जमिनीचा काही भाग परत मिळाला.

१९२७ मध्ये किडमनने कारभारातून अंग काढून घेतले. १९३२ साली त्याच्या पंचाहत्तरीनिमित्त ॲडलेडमध्ये घोडेस्वारीचा मोठा खेळ भरवण्यात आला. त्याच्या स्टेशनांवरचे स्वार उधळणाऱ्या घोड्यांवर बसून दाखवणार होते. प्रवेश फुकट होता. हजारोंची गर्दी लोटली, कुंपणे मोडली, लोक थेट रिंगणात शिरले आणि घोड्यांना पळायलाच जागा उरली नाही. आयुष्यभर कळप वळवणाऱ्या म्हाताऱ्याला हा एक कळप काही वळवता आला नाही.

२ सप्टेंबर १९३५ रोजी ॲडलेड येथे तो वारला. मृत्युपत्रात कुटुंबाबरोबर धर्मादाय संस्थांचीही तरतूद होती. पुढच्याच वर्षी आयन इड्रिएस याने लिहिलेले त्याचे चरित्र प्रसिद्ध झाले आणि खूप खपले; गुरांचा राजा हे बिरुद त्याला कायमचे चिकटले ते त्यामुळे. कुटुंबाची कंपनी ऐंशी वर्षे टिकली आणि २०१६ च्या अखेरीस विकली गेली. त्या वेळी तिच्याकडे किडमनच्या काळातील जमिनीचा काही हिस्साच उरला होता, तरी तो एक लाख चौरस किलोमीटरच्या घरात होता. गुरे गोळा करण्याचे काम आता बहुतेक ठिकाणी हेलिकॉप्टर आणि मोटारसायकली करतात. घोळक्यातून एकच बैल अलगद बाहेर काढायचा असेल तर मात्र काही स्टेशनांवर अजूनही घोड्यावर खोगीर चढते.